मोकळी पात

माझ्या मानेला काही झालेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण परवा पुण्याहून आमच्या गावी, चांद्याला, येणाऱ्या बसमध्ये शेजारच्या मावशींनी मला मणके दाखवून घ्यायचा सल्ला दिला, वर ओळखीच्या डॉक्टरचा पत्ताही दिला. झालं होतं एवढंच, की नांद्याच्या पुढे बस एका डंपरमागे अडकून उभी होती आणि खिडकीबाहेर, उंच इमारतींच्या मागे उरलेल्या दोन खाचरांत, बायका भात लावत होत्या. अंगावर प्लास्टिकच्या निळ्या-पिवळ्या खोळी, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात रोपांच्या मुठी. मी त्यांच्याकडे बघितलं. मग मान सावकाश डावीकडे नेली, मग उजवीकडे. बायका जागच्या जागी राहिल्या, तेव्हा मी नीट टेकून बसले. मावशींना काय सांगणार होते, की त्या बायका खरंच आहेत ना याची खात्री करून घेत होते म्हणून?

लावणीचे दिवस आले की मला हे होतं. चार वर्षं झाली त्याला. त्या एका हंगामानं माझ्या बघण्याला जी खोड लावली ती काही जात नाही, आणि खरं सांगायचं तर ती जावी असं मला वाटतही नाही.

मी काय काम करते हे आमच्या गावात कुणाला धड माहीत नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. पुण्यातल्या एका संस्थेच्या तळघरात एक यंत्र आहे. स्प्रिंगांवर टांगलेलं, पोटातली सगळी हवा काढून घेतलेलं. त्याच्यापाशी मी दिवसभर बसते. काही पदार्थ वहीच्या पानांसारखे थराथरांचे असतात. साध्या चिकटपट्टीनं त्यांचा एकेक थर सोलून काढता येतो, इतका पातळ की त्याला जाडी आहे असं म्हणणंच अवघड. असे दोन थर एकमेकांवर जरासे तिरके ठेवायचे आणि थंड करायचे, इतके थंड की तिथे हवासुद्धा गोठून दगड होईल. मग त्यातले इलेक्ट्रॉन, जे एरवी सैरावैरा पळत असतात, एकमेकांना टाळत टाळत थांबतात आणि प्रत्येकजण आपापली जागा धरून बसतो. सगळ्यांमध्ये सारखं अंतर, तिरप्या रांगा. कुणी दोरी लावून आखून दिलेलं नसतं. त्यांना फक्त एकमेकांच्या जवळ जायचं नसतं, तेवढ्यावर ही सगळी मांडणी उभी राहते. तिचं चित्र काढायचं हे माझं काम.

चित्र काढायला एक सुई असते. तिचं टोक एका अणूचं. ती कशाला टेकत नाही, नुसती वरून फिरते आणि खालचा अंदाज घेते. पण इलेक्ट्रॉन भारी भित्रे. सुई जवळ आली की मांडणी विसकटते, म्हणजे बघायला गेलं की बघण्यासारखं काही उरत नाही. म्हणून आम्ही त्यांच्यावर अजून एक पातळ पापुद्रा अंथरतो आणि खालच्यांचा त्या पापुद्र्यावर जो परिणाम होतो तेवढाच वाचतो. पांघरुणाखाली कोण झोपलंय ते पांघरुणावरून ओळखावं तसं. आईला हे सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

"म्हंजी ते खाली हायेत का न्हाईत ते बी तुला म्हाईत न्हाई," ती म्हणाली.

"तेच तर बघायचंय."

"आन् न्हाई दिसलं तर?"

"तर अजून बघायचं."

"बरं काम हाय की," आई म्हणाली आणि ताट उजेडाकडे सरकवलं. तिला खडे दिसत नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी जगातलं सगळ्यांत बारीक बघणारी बाई, आणि समोर बसलेली आई तांदूळ बोटांनी चाचपून निवडतेय हे मला दिसलं नाही. याची लाज मला अजून वाटते.

आईनं आयुष्यभर लावणी केली, ती दुसऱ्यांच्या खाचरांत. आमच्या घरासमोरची जी मोठी खाचरं होती ती पाटलांची. आषाढात तिथे बायकांची टोळी उतरायची, ओळीनं, ओणवी, मागे मागे सरकत. डोक्यावरून पाठीपर्यंत इरली. इरलं म्हणजे बांबूच्या कामट्यांत पानं विणून केलेलं पावसातलं पांघरूण. ते घातलं की बाई दिसतच नाही, पानांचा एक ढीग तेवढा सरकताना दिसतो. शाळेतून येताना मला त्या ढिगांमधली माझी आई कुठली हे कधी ओळखू यायचं नाही. मी बांधावर उभी राहून हाक मारायचे आणि त्यातला एक ढीग वर उठायचा. कधीकधी हाक मारल्यावर कोणताच उठायचा नाही, आणि त्या मधल्या क्षणी मला फार भीती वाटायची.

प्रत्येकीची एक पात असायची, म्हणजे ओळीतला तिच्या वाट्याचा पट्टा. एखादी आजारी पडली, बाळंतपणाला गेली, तर तिची पात न्याहारी होईपर्यंत मोकळी ठेवायची. दोन्ही बाजूंच्या बायका सरकून ती बुजवत नसत. आई म्हणायची, माणूस उशिरा येईल, जागा गेली तर त्यानं कुटं उभं ऱ्हायाचं? न्याहारीनंतर मात्र सरकायचं, कारण भात कुणासाठी थांबत नाही.

ती खाचरं आता नाहीत. पाटलांनी जमीन विकली, तिथे प्लॉट पडले, सिमेंटचे खांब आणि तारेचं कुंपण आलं, एक रखवालदाराची पत्र्याची खोली आली. बंगले काही झाले नाहीत. एका कोपऱ्यात टाकीसाठी खोल खड्डा खणला आणि तसाच सोडला. पावसाळ्यात सगळ्या प्लॉटांत गवत आणि पाणी. आमच्या दारात बसलं की समोर तेवढंच दिसायचं.

त्या वर्षी, लावणीच्याच दिवसांत, आई दारात बसायची बंद झाली. मी दर शनिवारी घरी जायचे. तिनं आपलं अंथरूण खिडकीपासून काढून आतल्या भिंतीला लावलेलं. विचारलं तर म्हणाली, वारं लागतंय. पुढच्या शनिवारी बघते तर ती भिंतीवरून हात फिरवत उभी. हात फिरवायचा, बोटं बघायची, परत फिरवायचा.

"हितं जाळी कुणी काढलीया गं?" ती म्हणाली. "मधाच्या पोळ्यागत. समदी भित भरलीया."

भिंत कोरी होती. मी म्हटलं कोळिष्टकं असतील, आणि केरसुणी घेऊन पूर्ण भिंत झाडून काढली. वर ओल्या फडक्यानं पुसली. "गेली?" मी विचारलं. आईनं भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "गेली." ती खोटं बोलत होती, आणि मला ते कळलं होतं, आणि मी हात धुवायला निघून गेले.

आता याला काय म्हणायचं, पण त्याच आठवड्यात मी तळघरात अगदी हेच करत होते. सुईनं काढलेल्या चित्रांत नको ते पुष्कळ येतं. विजेच्या तारांची थरथर, पंपाची घरघर, वरच्या रस्त्यावरून गेलेला ट्रक. हे सगळं संगणकावर निवडून काढून टाकावं लागतं. आम्हाला शिकवलेलं असतं की फार नियमित काही दिसलं तर आधी विजेचा संशय घ्यायचा. माझ्या चित्रांत एक फिकट, नियमित ठिपक्यांचं काहीतरी येत होतं. इतकं फिकट की आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही. मी ते दर वेळी पुसून टाकत होते आणि स्वच्छ, कोरी चित्रं माझ्या मार्गदर्शक सरांना पाठवत होते. तीन आठवडे मी ते पुसत होते.

मग एका रविवारी दुपारी आई बोलली. आभाळ इतकं खाली आलेलं की घरात दिवा लावावा लागत होता. वहिनी माहेरी, दादा कामावर. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ मिलिंद, पिरंगुटला कारखान्यात आहे. आईनं दार लोटलं, माझ्याजवळ येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "रत्ने, तितं लावणी चाललीया."

"कुठे?"

"म्होरं. पाटलाच्यात."

मी दार उघडून बघितलं. गवत, पाणी, खांब. माणूस नाही.

"न्हाई दिसायच्या तुला," आई म्हणाली. "इरली घातल्यात. लई बाया हायेत. रोज हायेत. आवाज न्हाई, गाणं न्हाई, काय न्हाई. वाकत्यात आन् लावत्यात. आन् तोंडं न्हाईत गं त्यांना. इरल्याच्या आत बगितलं तर तितं कायच न्हाई."

माझ्या पाठीवरून सरसरून काटा गेला. तो गेला म्हणूनच मी चिडले. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, या बाबतीत फार कडक होते. अंगारा, लिंबू, उतारा यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही. एकदा तिठ्यावर कुणी ठेवलेल्या उताऱ्यातला नारळ त्यांनी उचलून घरी आणला आणि त्याची चटणी करायला लावली. आईनं ती घाबरत घाबरत वाटली, पण सगळ्यांच्या आधी घास तिनं खाल्ला. त्या बाईला आता भुतं दिसतायत हे मला सहन होईना. म्हणून मी नको ते बोलले. म्हणाले, "आई, असलं परत बोलू नकोस. अण्णा असते तर काय म्हणाले असते? अण्णांच्या घरात असलं चालत नाही."

आई एवढंच म्हणाली, "एक पात मोकळी हाय, म्हनून सांगितलं." आणि उठून चहा ठेवायला गेली.

ते वाक्य मी पुण्याला जाताना पूर्ण रस्ताभर डोक्यातून काढत होते. वय झालंय, मनाचे खेळ आहेत, एकटी असते दिवसभर. मला काढून टाकायची सवय होतीच.

सरांनी दोन दिवसांनी बोलावलं. आमचे सर बोलतात कमी आणि रागावतात त्याहून कमी, त्यामुळे त्यांच्यापुढे उभं राहणं अवघड जातं. टेबलावर माझी कोरी चित्रं मांडलेली.

"रत्ना, हे इतकं स्वच्छ कसं?" ते म्हणाले.

"साफ केलंय सर."

"साफ करून जे काढलंस ते कुठे आहे? मला कचरा दाखव."

मी मूळ चित्रं उघडली. ते बराच वेळ बघत राहिले आणि त्या फिकट ठिपक्यांवर बोट ठेवून म्हणाले, "हे विजेचं आहे कशावरून?"

"फार नियमित आहे सर."

"अगं, आपण नियमितच काहीतरी शोधतोय ना?" सर म्हणाले. मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

खात्री करायची रीत जुनी आहे, पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक असते. सुई ज्या दिशेनं चालते ती दिशा फिरवायची. ठिपके सुईचे किंवा विजेचे असतील तर ते सुईबरोबर फिरतात. ठिपके पदार्थातले असतील तर सुई कशीही फिरवा, ते जागचे हलत नाहीत. बघणाऱ्याबरोबर जे फिरतं ते बघणाऱ्याचं, आणि जे जागेवर राहतं ते जगाचं. एवढंच आहे ते. मी सुईची दिशा फिरवली, यंत्राला सगळं सावकाश बघू दिलं आणि समोर बसून राहिले. दुपारी चित्र पूर्ण झालं. ठिपके हलले नव्हते.

ओळीनं बसलेले, तिरप्या रांगांत, सारख्या अंतरावर. कसलाही आवाज नाही. इतके दिवस मी त्यांना पुसत होते आणि ते तिथेच होते. आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण माझं लक्ष डाव्या बाजूच्या एका रांगेवर गेलं. तिथे एक जागा रिकामी होती. पदार्थात अशी रिकामी जागा असणं काही नवल नाही, पुस्तकांत त्याची कारणं दिलेली आहेत. पण शेजारचे दोघे सरकून ती बुजवत नव्हते. मला आईचं वाक्य आठवलं, एक पात मोकळी हाय.

तेवढ्यात दादाचा फोन आला. तो ओरडत नव्हता, त्यावरूनच मी ओळखलं.

"आई म्होरच्या प्लॉटात घावली," तो म्हणाला. "तू ये."

आई कुंपणाची तार वर उचलून प्लॉटात गेली होती. माळ्यावरचं जुनं इरलं काढून डोक्यावर घेतलेलं. हातात गवताची मूठ. पोटऱ्यांपर्यंत पाण्यात ओणवी होऊन ती गवताच्या काड्या चिखलात लावत होती, बरोबर अंतरावर, ओळीनं, मागे मागे सरकत. तिच्या पाठीमागे तीन पावलांवर टाकीचा तो खड्डा होता, काठोकाठ भरलेला, वरून नुसतं पाणी दिसणारा. रखवालदाराच्या बायकोनं बघितलं म्हणून. ती धावत गेली आणि आईला मिठीत धरून बाहेर ओढून आणलं.

मी पोचले तेव्हा दार बाहेरून कडी लावून बंद होतं. कडीला नवं कुलूप. दादा पायरीवर बसलेला.

"शेजारचे उतारा काढा म्हणत्यात," तो म्हणाला. "तसलं मी करायचो न्हाई, अण्णाची शपथ हाय. पण मी कामावर जाऊ का तिच्यामागं फिरू? सांग तू. कुलूप लावतो, न्हाईतर त्या वेड्यांच्या इस्पितळात न्यायची. तिसरं काय असलं तर बोल, शिकलेली हायेस तू."

चिडून बोलत होता, पण डोळे भरले होते त्याचे. मी म्हटलं, "दादा, आधी कुलूप काढ."

आत आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. मला वाटलं रडेल, भांडेल. ती नुसती थकलेली दिसली.

"बोलवत न्हाईत गं त्या," ती म्हणाली. "उगं खोटं कशाला सांगू? पर पात मोकळी ठिवलीया. पंधरा दिस झालं. न्याहारी हुन जाती, दिस मावळतो, तरी कुनी सरकत न्हाई. कुणाची असंल म्हनून मी समद्या मोजल्या. आमच्या टोळीतल्या हुत्या तेवढ्या समद्या वर गेल्या, मी एकलीच ऱ्हायलीय. मग माझीच की ती."

हे तिनं भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. पंधरा दिवस ही बाई एकटी त्या मोकळ्या जागेकडे बघत होती, आणि मी तिला सांगितलं होतं की अण्णांच्या घरात असलं चालत नाही.

मला त्या क्षणी कुठलीही मोठी गोष्ट सुचली नाही. मला माझ्या कामातली तेवढी एकच रीत येत होती. मी आईला दारात आणून बसवलं. बाहेर राखाडी उजेड, बारीक पाऊस. दादा मागे उभा.

"आहेत?" मी विचारलं.

"हायेत."

"कुठे?"

"खांबापाशी. ह्या अंगानं त्या अंगापर्यंत."

"बरं. आता खांब सोड. तिकडे उंबराच्या झाडाकडे बघ. मान फिरव, सावकाश."

आईनं मान फिरवली. आणि तिचा श्वास अडकला तो मला ऐकू आला.

"काय झालं?"

"उंबराखाली आल्या."

"सगळ्या?"

"समद्या. पात बी तशीच मोकळी." ती कुजबुजत होती. "चालल्या न्हाईत गं. माझ्यासंगं आल्या."

"आता आत बघ. भिंतीकडे."

आईनं मान आत वळवली. खूप वेळ ती आमच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिली. मग परत बाहेर, परत आत. आता मी सांगत नव्हते, तीच फिरवत होती. शेवटी ती म्हणाली, "भितीवर कुनी लावणी करतं व्हय?"

"डोळे मिट," मी म्हटलं. तिनं मिटले. "आता?"

"न्हाईत." तिनं डोळे उघडले. "आल्या." परत मिटले. मग मिटल्या डोळ्यांवर दोन बोटं ठेवून बसली. "म्हंजी त्या हितं हायेत."

"हो."

"तितं न्हाईत."

"तिथे नाहीत आई. तिथे गवत आहे आणि खड्डा आहे."

"मग मोकळी जागा बी हितंच हाय," आई म्हणाली आणि रडायला लागली. अण्णा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. दादा खाली बसला आणि तिचे चिखलाचे पाय आपल्या शर्टानं पुसायला लागला. कुलूप त्यानं गटारात फेकलं आणि कडी पान्यानं खोलून काढली. त्या दाराला अजून भोकं आहेत.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पुढे सगळं सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजून गेलाय, कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. जिथे काही दिसत नाही तिथे मेंदू जवळचं काहीतरी आणून ठेवतो. कुणाला जाळी, कुणाला माणसं. हे वेड नाही, त्या दोनदा म्हणाल्या, आणि पुष्कळ म्हातारी माणसं भीतीनं हे कुणाला सांगतच नाहीत. आईनं विचारलं, "त्यांना तोंडं का न्हाईत?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला आता कुणाचंच तोंड नीट दिसत नसेल." आईनं माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी मला कळलं की कितीतरी महिने ती मला आवाजावरून ओळखत होती.

झिजलेलं परत येत नाही. बायकाही गेल्या नाहीत. पण आई दारात बसायला लागली. मान फिरवायची, "चला, हिकडं या," म्हणून त्यांना उंबराखाली न्यायची, भिंतीवर आणायची. एकदा म्हणाली, आयुष्यभर दुसऱ्याच्या हाकेवर सरकले, आता ह्या माझ्या हाकेवर सरकत्यात. दादाला ते ऐकून हसू आलं, मला आलं नाही.

श्रावणात एका सकाळी तिचा फोन आला. तिला फोन लावता येत नव्हता, रखवालदारानं लावून दिला असावा. "रत्ने," आवाज एकदम हळू. "मान फिरवली. समद्या फिरल्या. एक न्हाई फिरली."

मी तळघरात होते. समोर पडद्यावर तेच ठिपके. मी काही न विचारता पिशवी उचलली आणि निघाले. सूस, नांदे, चांदे, बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती आणि मला फक्त तो खड्डा दिसत होता.

आई बांधावर बसली होती. समोर प्लॉटाच्या कोपऱ्यात, वीतभर पाण्यात, एक बाई ओणवी. डोक्यावर सिमेंटच्या पिशव्यांची खोळ. रखवालदाराची बायको फुलमती, छत्तीसगढची, जिनं आईला ओढून बाहेर काढलं होतं तीच. गावाकडून आणलेलं मूठभर भात तिनं रुजवलं होतं आणि उरलेल्या चिखलात लावत होती.

"आगं, लांब लाव, लांब," आई ओरडत होती. "गर्दी केलीस तर फुटवा धरायचा न्हाई."

"हौ अम्मा, दूर लगा रही हूँ," ती वाकल्या वाकल्याच म्हणाली.

मी तिच्याशेजारी बांधावर बसले. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "ही खरी हाय. मी धा येळा मान फिरवून बगितली."

माझं ते चित्र पुढे छापून आलं. त्यात ती रिकामी जागा आहे. एक गोष्ट मात्र मी त्यात लिहिली नाही. चार दिवसांनी तीच जागा परत बघितली तेव्हा ती रिकामी नव्हती, आणि दुसरी कुठली रिकामी झालेली मला सापडली नाही. सर म्हणाले, सुईनं ढकललं असेल. असेल. सुई मीच फिरवली, तरी त्या एका गोष्टीबद्दल माझी खात्री होत नाही.

परवा त्या बसमधून उतरून मी घरी गेले. आता आईला कडेचंही फारसं दिसत नाही. गेल्या वर्षापासून ऐकायलाही कमी येतं, त्यामुळे आवाजाचाही आधार गेला. फुलमतीचं कुटुंब दुसऱ्या साइटवर गेलं. पाऊस भुरभुरत होता, आई दारात बसलेली. मी पायरीखाली उभी राहिले, डोक्यावर रेनकोटची टोपी, बहुतेक मीही तिला पानांच्या ढिगासारखीच दिसत असेन. "आई," मी हाक मारली. ती उठली नाही. लहानपणी बांधावर वाटायची तीच भीती मला वाटली.

आईनं माझ्याकडे तोंड केलं. मग मान सावकाश उंबराकडे नेली. मग भिंतीकडे. मी श्वास रोखून उभी राहिले. हात हलवला नाही, पाय हलवला नाही, तोंडावरचं पाणीसुद्धा पुसलं नाही. तिनं पुन्हा एकदा मान फिरवली, अगदी हळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"ऱ्हायलीस व्हय जागेवर," ती म्हणाली आणि हात पुढे केला. "ये. भिजलीस की समदी."